मुख्याध्यापकाचा हॉकी-प्रशिक्षक होतो तेव्हा

एक वयस्क इंग्रज नट लॉस एंजेलिसमधल्या एका दूरचित्रवाणी कंपनीच्या दिवाणखान्यात उभा आहे. समोर कोचावर कंपनीचे अधिकारी बसले आहेत. लंडनमध्ये चार हंगाम जी भूमिका करून त्याने नाव मिळवले, त्याच भूमिकेसाठी त्याला येथे चाचणी द्यायची आहे. ज्यांनी ती भूमिका त्याच्यासाठी लिहिली ते लेखक पती-पत्नी बाजूला बसून हे पाहत आहेत, आणि त्यांना कोठे पाहावे ते कळत नाही. नट उत्तम वाचतो. तरी तो नापास होतो. कारण, तो फार इंग्रज आहे.

‘एपिसोड्स’ या मालिकेच्या पहिल्या भागातला हा प्रसंग. नटाचे काम रिचर्ड ग्रिफिथ्स यांनी केले आहे. पदव्युत्तर वर्गात ‘रूपांतर’ हा घटक शिकवताना गेली काही वर्षे आम्ही दोघे हा प्रसंग मुलांना दाखवतो. मराठीच्या वर्गात अमेरिकन-ब्रिटिश विनोदी मालिका कशासाठी, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला आहे. तो गैर नाही. या लेखाचे एक प्रयोजन त्याला उत्तर देणे हेही आहे.

प्रथम मालिकेची ओळख. बीबीसी टू आणि अमेरिकेतील शोटाइम या दोन वाहिन्यांची ही संयुक्त निर्मिती. जानेवारी २०११ मध्ये ती सुरू झाली आणि पाच हंगामांत, एकूण ४१ भागांनंतर, २०१७ मध्ये अमेरिकेत संपली. शॉन आणि बेव्हर्ली लिंकन (स्टीव्हन मॅंगन आणि टॅम्झिन ग्रेग) हे विनोदी मालिका लिहिणारे ब्रिटिश दांपत्य. ‘लायमन्स बॉइज’ या त्यांच्या मालिकेला पुरस्कार मिळतात, त्याच संध्याकाळी मर्क लापिडस नावाचा अमेरिकन वाहिनी-प्रमुख त्यांना गळामिठी घालतो आणि ही मालिका अमेरिकेत नेऊ या म्हणतो. मूळ मालिका मुलांच्या निवासी शाळेतील एका प्रौढ मुख्याध्यापकाची आहे. त्याचे शाळेच्या ग्रंथपाल बाईंवर प्रेम आहे, पण त्या समलिंगी असल्याने ते प्रेम कोठेच पोहोचणार नाही. अमेरिकेत पोहोचेपर्यंत मुख्याध्यापकाचा हॉकीचा प्रशिक्षक होतो. हॉकी म्हणजे आपली मैदानावरची नव्हे, बर्फावरची. त्या खेळातल्या रबरी चकतीला ‘पक’ म्हणतात, म्हणून मालिकेचे नाव ‘पक्स!’, उद्गारचिन्हासकट. प्रमुख भूमिकेत येतो मॅट लब्लांक, म्हणजे ‘फ्रेंड्स’मधला जोई. ही भूमिका स्वतः मॅट लब्लांक यांनीच, ‘मॅट लब्लांक’ या नावाने केली आहे, आणि त्यासाठी २०१२ मध्ये त्यांना गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. ग्रंथपाल बाईंनाही समलिंगी राहता येत नाही. त्या तशा राहिल्या तर नायक-नायिकेचे जमेल का, ही उत्सुकता हंगामामागून हंगाम ताणायची कशी?

इंग्रज लेखकाने हॉलिवूडमध्ये जाऊन पैसा आणि मनस्ताप कमावण्याची परंपरा जुनी आहे. पी. जी. वुडहाऊस १९३० मध्ये एमजीएम या चित्रसंस्थेकडे आठवड्याला २,००० डॉलर पगारावर गेले. त्यांच्याकडून करून घेण्यासारखे काम संस्थेला जवळजवळ सुचलेच नाही. जून १९३१ मध्ये त्यांनी एका वृत्तपत्रीय मुलाखतीत अत्यंत निरागसपणे सांगून टाकले की आपल्याला १,०४,००० डॉलर मिळाले, ते कशाबद्दल ते काही उमगले नाही. मंदीचे दिवस होते. त्या वाक्यावरून बराच गहजब झाला. पुढे १९४७ मध्ये एव्हलिन वॉ त्याच संस्थेशी आपल्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’च्या चित्रपटाबद्दल बोलणी करण्यास गेले. संस्थेला कादंबरीत प्रेमकथा दिसत होती, वॉ यांना ती धर्मश्रद्धेची कथा वाटत होती. बोलणी फिसकटली. वॉ यांनी तेवढ्या वेळात लॉस एंजेलिसमधले एक भपकेबाज दफनस्थान मन लावून पाहिले, आणि १९४८ मध्ये ‘द लव्हड वन’ ही कादंबरी लिहिली. तीत चित्रसंस्थेत वर्षानुवर्षे काम करणारा एक म्हातारा इंग्रज गृहस्थ एके दिवशी कचेरीत जातो तर त्याच्या खोलीत दुसराच माणूस बसलेला असतो. नोकरी गेल्याचे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. ‘एपिसोड्स’मध्ये लिंकन दांपत्याच्या वसाहतीच्या फाटकावरचा रखवालदार त्यांना दर वेळी नव्याने अडवतो, ओळखच देत नाही, तेव्हा आम्हाला त्या म्हाताऱ्याची आठवण येते.

परंतु वुडहाऊस आणि वॉ यांची कथा इंग्रजांनी सांगितलेली आहे. ‘एपिसोड्स’ची गोष्ट येथे उलटी होते आणि म्हणूनच ती आम्हाला अभ्यासण्याजोगी वाटते. ही मालिका लिहिणारे डेव्हिड क्रेन आणि जेफ्री क्लॅरिक हे दोघेही अमेरिकन. क्रेन हे तर मार्टा कॉफमन यांच्यासह ‘फ्रेंड्स’चे (१९९४-२००४) जनक, ज्या व्यवस्थेची मालिका खिल्ली उडवते, त्या व्यवस्थेने ज्यांना सर्वाधिक दिले त्यांपैकी एक. या दोघांची ‘द क्लास’ ही मालिका सीबीएसवर २००६-०७ मध्ये एकच हंगाम चालली. त्यानंतर त्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांच्या वाटेला न जाता एका ब्रिटिश निर्मितीसंस्थेबरोबर काम केले, आणि सगळे भाग दोघांनीच लिहिले. वीस-बावीस भागांचा हंगाम लिहिण्यासाठी डझनभर लेखक एका खोलीत कोंडण्याची जी अमेरिकन पद्धत, तिच्यापासून ही सुटका होती. चित्रीकरणाचा मोठा भागही इंग्लंडमध्येच झाला. पडद्यावर जे बेव्हर्ली हिल्सचे ऊन दिसते त्यातले बरेचसे इंग्लंडमध्ये उभे केलेले आहे. म्हणजे ब्रिटिश मालिका अमेरिकेत नेऊन तिची वाताहत करणाऱ्या अमेरिकनांची ही गोष्ट, अमेरिकनांनी आपली लेखणी ब्रिटनमध्ये नेऊन, वाताहत टाळून लिहिलेली आहे. आपल्या घरातले उणे काढण्यासाठी त्यांनी पाहुण्यांचे डोळे उसने घेतले. हे लक्षात न घेता अनेक समीक्षकांनी हिला ‘ब्रिटिश सुसंस्कृतपणा विरुद्ध अमेरिकन उथळपणा’ अशा सोप्या चौकटीत बसवले, ते आम्हाला मान्य नाही.

कारण इतिहास त्या चौकटीला साथ देत नाही. ब्रिटिश विनोदी मालिका अमेरिकेत नेण्याचा उद्योग साठ वर्षांचा तरी आहे आणि त्यातली उत्तम रूपांतरे मुळाइतकीच, काही वेळा अधिक, मोलाची ठरली आहेत. जॉनी स्पाइट यांची ‘टिल डेथ अस डू पार्ट’ बीबीसीवर १९६५ पासून दिसू लागली. लंडनच्या पूर्व भागातला, तोंडाळ, वर्णद्वेष्टा, राजनिष्ठ कामगार आल्फ गार्नेट हा तिचा नायक. नॉर्मन लियर यांनी तिचे हक्क घेतले, पण आल्फला त्यांनी अमेरिकन उच्चार शिकवून पाठवले नाही. त्याच्या जागी त्यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आर्ची बंकर उभा केला, आणि त्याच्यात स्वतःच्या वडिलांचे बोलणे-वागणे ओतले. नमुन्याचे दोन भाग एबीसी या वाहिनीने पाहून नाकारले. शेवटी १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएसने ‘ऑल इन द फॅमिली’ दाखवायला घेतली तीही आधी प्रेक्षकांना सावध करणारी सूचना झळकवून. पुढे व्हिएतनाम युद्ध, वर्णसंघर्ष, स्त्रियांचे प्रश्न हे सारे त्या एका बैठकीच्या खोलीत आले. तसेच ‘स्टेप्टो अँड सन’चे. रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन यांचे भंगारवाले बापलेक लंडनमधल्या वर्गव्यवस्थेच्या तळाशी अडकलेले. लियर आणि बड यॉर्किन यांनी १९७२ मध्ये त्यांना लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात नेले, आणि कृष्णवर्णीय केले. ‘सॅनफर्ड अँड सन’. इंग्लंडमध्ये जे काम ‘वर्ग’ करतो ते अमेरिकेत ‘वर्ण’ करतो, हे ओळखल्याशिवाय हे रूपांतर शक्य नव्हते. मूळ कृतीत कोणते दुखणे हसू निर्माण करते ते शोधायचे, आणि आपल्या भूमीत त्या जागी काय दुखते ते पाहायचे. याहून चांगली व्याख्या आम्हाला पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

अपयशाचे दाखले तितकेच बोलके आहेत. ‘फॉल्टी टॉवर्स’चे सगळे मिळून बारा भाग, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये. अमेरिकेत तिच्यावर एकाहून अधिक वेळा प्रयत्न झाले. १९८३ च्या ‘अमांडाज’मध्ये बी आर्थर हॉटेलची मालकीण झाल्या आणि बॅसिल फॉल्टी हे पात्र उरलेच नाही. जॉन क्लीज यांनी ही हकीकत अनेकदा सांगितली आहे: अमेरिकन निर्माते म्हणाले, आम्ही एकच बदल केला आहे, बॅसिलला काढून टाकले आहे. हा विनोद ‘एपिसोड्स’च्या लेखकांना सुचला असता तर अतिशयोक्ती म्हणून त्यांनी कदाचित खोडला असता. याच्या उलट टोकाला ‘कपलिंग’. स्टीव्हन मॉफट यांच्या या ब्रिटिश मालिकेची तुलना नेहमी ‘फ्रेंड्स’शी होई. ‘फ्रेंड्स’ संपत आली तेव्हा तिची जागा भरून काढील या आशेने एनबीसीने २००३ मध्ये ‘कपलिंग’ची अमेरिकन आवृत्ती आणली. सुरुवातीच्या संहिता जवळजवळ शब्दशः घेतल्या होत्या. चार भाग दाखवून मालिका बंद झाली. तेथे बदलामुळे नाश, येथे निष्ठेमुळे. ‘द ऑफिस’ने दोन्ही करून पाहिले: मार्च २००५ मधला अमेरिकन आवृत्तीचा पहिला भाग मूळ संहितेला चिकटून होता आणि निर्जीव होता, ग्रेग डॅनियल्स आणि त्यांच्या लेखकांनी नायकाला पुढे थोडा अधिक लोभस केले तेव्हा मालिका उभी राहिली, आणि २०१ भाग चालली. मूळ ब्रिटिश मालिकेचे नियमित भाग होते बारा, वर नाताळचे दोन.

बारा आणि दोनशे एक. या दोन आकड्यांत बरेच काही आहे. बीबीसीला जाहिराती नाहीत. परवान्याच्या शुल्कावर ती चालते. एक-दोन लेखक सहा भाग लिहितात, आवडले तर वर्षा-दोन वर्षांनी आणखी सहा, आणि सांगण्यासारखे संपले की थांबतात. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिनीचा हंगाम तेव्हा बावीस-चोवीस भागांचा असे. अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटे हाती उरत. खरा नफा होई तो शंभराच्या आसपास भाग साठल्यावर, ते इतर केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकून. ज्या व्यापारात शंभर भागांशिवाय पैसा नाही, त्यात ज्याचे प्रेम कधीच सफल होणार नाही असा मुख्याध्यापक चालायचा नाही. त्याला शंभर वेळा आशा वाटली पाहिजे. म्हणजे ग्रंथपाल बाईंना बदलणारी खरी गोष्ट अधिकाऱ्यांची अरसिकता नव्हे, हिशोब आहे. ‘एपिसोड्स’मध्ये हे कोणी भाषणातून सांगत नाही. ते छोट्या छोट्या सूचनांमधून येते. कंपनीतून ‘नोट्स’ येतात, नम्र शब्दांत, दर वेळी एकच लहानसा बदल सुचवणाऱ्या. प्रत्येक सूचना सुटी पाहिली तर मान्य करण्यासारखी असते.

आमच्या दृष्टीने मालिकेचा गाभा येथे आहे. लिंकन दांपत्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. त्यांना भव्य घर मिळाले आहे, पैसा मिळणार आहे, आणि शॉनला हे सारे आवडते. बेव्हर्लीला पहिल्या दिवसापासून धोका दिसतो, पण तीही सही करतेच. मर्कने मूळ मालिकेचे किती भाग पाहिले आहेत, हे त्याची सहकारी कॅरल टप्प्याटप्प्याने कबूल करते: सगळे पाहिले नसतील, काही पाहिले असतील असेही नाही, एकही पाहिलेला नाही. त्यानंतरही दोघे परतीचे विमान धरत नाहीत. विनोदविभागाची प्रमुख मायरा, जिच्या चेहऱ्यावर सदैव काहीतरी आंबट चाखल्याचा भाव आहे आणि जिला हसताना कोणी पाहिलेले नाही, ती हास्यचित्र म्हणून अप्रतिम आहे. पण मालिकेतले सर्वात खरे पात्र आम्हाला कॅरल वाटते. तिला चांगल्या-वाईटाची जाण आहे, वरिष्ठ काय म्हणेल हेही आधी ठाऊक असते, आणि ती नेहमी दुसऱ्याला धरून चालते. कॅथलीन रोझ पर्किन्स यांनी तिचे ‘होय, होय’ शंभर छटांनी म्हटले आहे. आणि लब्लांक? इंग्रजांनी ज्याला मठ्ठ समजावे असा हा नट प्रत्यक्षात मालिका कशी चालते हे सर्वांहून चांगले जाणतो. त्याने सुचवलेले काही बदल तर योग्यच असतात, आणि ते योग्य आहेत हे मान्य करणे लिंकन दांपत्याला सर्वात जड जाते. हा प्रामाणिकपणा अमेरिकन लेखकांचा. वॉ यांनी तो कधी दाखवला नसता.

अशीच मालिकेच्या पोटात मालिका रिकी जर्व्हेस यांच्या ‘एक्स्ट्राज’मध्ये (२००५-०७) आहे. तेथे बीबीसी स्वतःच लेखकाचे वाटोळे करते, त्यासाठी अटलांटिक ओलांडावा लागत नाही. दोन्ही मालिका शेजारी ठेवून पाहिल्या की ‘संस्कृतिसंघर्ष’ या शब्दाखाली आपण किती गोष्टी झाकतो ते दिसते.

आता आमच्या वर्गाकडे. रूपांतराचा मराठी इतिहास आम्ही वर्षानुवर्षे एका ठरीव क्रमाने शिकवत आलो: आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३), देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०), आणि शॉच्या ‘पिग्मेलियन’वरून पु. लं. ची ‘ती फुलराणी’ (१९७५). परीक्षेत प्रश्न ठरलेला, मुळाशी निष्ठा किती आणि स्वातंत्र्य किती. उत्तरपत्रिकाही ठरलेल्या. ‘एपिसोड्स’चा तो प्रसंग दाखवला त्या पहिल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले की, बदल किती झाला हे आपण मोजतो, पण तो करायचा अधिकार कोणाला होता हे का विचारत नाही? त्या तासाला आमच्यापाशी नीट उत्तर नव्हते.

उत्तर शोधू गेल्यावर दिसले ते असे. देवलांना शेक्सपिअरकडून परवानगी घ्यायची नव्हती आणि ऑथेल्लोचे झुंझारराव करताना वरून कोणाच्या सूचना येत नव्हत्या. राज्यकर्त्यांच्या भाषेतली कृती आपल्या रंगभूमीवर आणणारा रूपांतरकार आपल्या घरचा धनी होता. त्याच्यावर दडपण होते ते प्रेक्षकांचे. लियर यांचेही तसेच, लढावे लागले तरी लेखणी त्यांची होती. लिंकन दांपत्याची गोष्ट निराळी. तेथे मूळ लेखकालाच पगार देऊन स्वतःच्या कृतीचा रूपांतरकार नेमलेले आहे, आणि धनी तिसराच आहे. निष्ठा-स्वातंत्र्याची आमची मोजपट्टी या तिसऱ्यासाठी केलेलीच नाही. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीने हा तिसरा पाहिलेला आहे. ‘माइंड युअर लँग्वेज’वरून १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जबान संभालके’ आली, आणि २००१ मध्ये ‘येस मिनिस्टर’वरून स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’. पहिलीत परदेशी विद्यार्थ्यांच्या जोडीला भारतातल्याच भाषा-भाषांमधली थट्टा आली आणि तिचा सांधा जुळला. दुसरीत फारुख शेख यांच्यासारखा नट असूनही संहिता मुळाच्या इतक्या जवळून चालत होती की दिल्लीतला मंत्री व्हाइटहॉलमधल्या अडचणींत सापडल्यासारखा वाटे. ‘कपलिंग’चीच चूक, असे आता वाटते, तेव्हा आम्ही तिला निष्ठा समजून गुण दिले असते.

मालिकेचे नंतरचे हंगाम पहिल्या दोनइतके बांधीव नाहीत. वाहिनी-प्रमुख बदलत राहतात, त्यांतला एक तर मनोरुग्ण निघतो, आणि प्रेमप्रकरणांची गुंतागुंत थोडी लांबते. शेवटच्या हंगामात लब्लांक एका खेळाच्या कार्यक्रमाचा सूत्रधार झालेला असतो. पैसा भरपूर, लाज थोडी. (प्रत्यक्षातले लब्लांक त्याच सुमारास, २०१६ पासून, बीबीसीच्या ‘टॉप गिअर’चे सूत्रधार होते, आणि सीबीएसवर एक अगदी ठरीव कौटुंबिक विनोदी मालिकाही करत होते.) लिंकन दांपत्य अखेरीस एक नवी मालिका लिहिते: दोन ब्रिटिश लेखक हॉलिवूडमध्ये येतात, त्यांची मालिका बिघडवली जाते, आणि मध्ये एक प्रसिद्ध नट येतो. नटाची भूमिका लब्लांकला हवी असते. या वेळी त्याला बदलून दुसरा कोणी घ्यावा, असे कोणी सुचवत नाही.